पस्तीस सेंटिमीटरवर झालेला समझोता

कलमकाकांनी पालिकेकडे फक्त एक बाक मागितला होता. लाकडी असो, सिमेंटचा असो, पाठीचा असो, बिनपाठीचा असो, त्यावर एका बाईला दहा मिनिटं टेकता आलं की झालं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या एका बाकापायी पुढे दीड वर्ष गेलं, चार खात्यांचे शिक्के लागले, एक सिमेंटची उशी बसवावी लागली आणि खुद्द स्वतःच्या बायकोला लेखी नोटीस काढावी लागली. पण हे सगळं त्यांना पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तरी ते डगमगले नसते. आपण काम हातात घेतलं की ते होतंच, याबद्दल त्यांना जन्मात शंका आली नव्हती. आली असती तर त्यांनी ती लेखी मागवली असती.

एका मोठ्या कचेरीच्या करार विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या करारातली भोकं शोधायची आणि बुजवायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर कचेरी सुटली, भोकं शोधणं सुटलं नाही. इमारतीचा जिना कुणी कधी झाडायचा यावर त्यांनी सात कलमांचं पत्रक काढलं, तेव्हापासून लोक त्यांना कलमकाका म्हणू लागले. तोंडावर नुसतं काका, पाठीमागे कलमकाका. त्यांना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

बाक हवा होता काकूंसाठी. घर टेकडीवर, बाजार पायथ्याशी, आणि दोन्हींच्या मध्ये एक लांबलचक चढ. काकू रोज सकाळी पिशवी घेऊन उतरत आणि साडेदहाच्या सुमाराला चढ चढत परत येत. भाजी हे आपलं निमित्त. खाली त्यांच्या ओळखीची निम्मी दुनिया होती. कुणाच्या सुनेला नोकरी लागली, कुणाच्या घरी रंगकाम निघालं, सगळं त्यांना तिथे कळायचं. पण यंदा गुडघ्याने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, चालणं सोडू नका, फक्त चढावर मध्ये दहा मिनिटं बसत जा. कुठे बसू, असं काकूंनी विचारलं, तेव्हा त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

"मध्ये बसायची सोय झाली तर ठीक," काकू त्या दिवशी जेवताना म्हणाल्या. "नाहीतर बाजार बंद. मला झेपत नाही आता."

काकू हे सहज म्हणाल्या, पण काकांनी ताट बाजूला सारलं. बाजार बंद झालेल्या काकू त्यांना डोळ्यासमोर आणता येईनात. खिडकीशी बसून राहतील, गप्प होतील, मग हळूहळू सगळंच बंद करतील. काका घाबरले, आणि घाबरले की ते जे करत तेच त्यांनी केलं. त्यांनी अर्ज लिहायला घेतला.

चढाच्या मध्यावर, रस्ता काकांच्या इमारतीच्या गॅलऱ्यांखालून वळतो तिथे, एक कोपरा होता. एक जुनं झाड, विजेची पेटी, मागे एक भिंत आणि फुटक्या कुंड्यांचा ढीग. जागा पालिकेची. काका अर्ज घेऊन पालिकेत गेले, तर तिथल्या इंजिनिअरबाईंनी तो दोनदा वाचला आणि हळहळल्या. वय तिशीच्या आतबाहेर, टेबलावर फायलींची चळत, आणि चळतीच्या वर डबा.

"बाक असा सुटा मिळत नाही हो काका," त्या म्हणाल्या. "बाकाला योजनाच नाही."

"मग कशाला आहे?"

"परिसराला आहे. सार्वजनिक-खाजगी भागीदारीतून परिसर विकास. जागा आमची, बांधकाम खाजगी भागीदाराचं, देखरेख नागरिकांची. तुम्ही परिसर घेतलात तर त्यात बाक बसतो."

शर्टाचं बटण मागायला गेलेल्या माणसाला शिंप्याने अख्खा सूट शिवायला लावावा, तसला हा प्रकार. दुसरा कुणी असता तर हात जोडून घरी गेला असता. काकांचे मात्र डोळे चमकले.

"म्हणजे करार आला," ते म्हणाले.

"तीन पक्षांचा. नमुना तयार आहे."

काकांनी तो नमुना तिथेच उभ्याउभ्या वाचला. "यात अकरा भोकं आहेत," ते प्रेमाने म्हणाले.

इंजिनिअरबाईंनी खुर्ची पुढे केली. योजना सुरू होऊन दोन वर्षं झाली होती, सात परिसर हाती घेतले होते आणि सातही भिजत पडले होते. कुठे भागीदार पळाला, कुठे नागरिकांनी काखा वर केल्या, कुठे दोघंही तयार असताना पालिकेलाच जागा सापडेना. "आठवा तरी पुरा होऊ दे," त्या म्हणाल्या. "तुम्ही भोकं बुजवून द्या, मी फाईल पळवते."

काका घरी आले ते तरंगतच. दुसऱ्या दिवसापासून साडेदहा ते बारा हा पत्रव्यवहाराचा वेळ ठरला. दाराला कडी, टेबलावर तीन रंगांच्या पेन्सिली. काकू त्याच सुमाराला चढावर असायच्या, त्यामुळे घरात शांतता असायची आणि कलमं भराभर सुचायची.

आता खाजगी भागीदार हवा. चढाच्या पायथ्याशी एका गादीवाल्यांचं मोठं दुकान होतं. काका सरळ तिथे गेले.

"मी गाद्या विकतो," गादीवाले म्हणाले. "बाक बसवून मला काय मिळणार?"

"माणूस कडक बाकावर दहा मिनिटं बसला," काका म्हणाले, "की उठताना त्याला पहिली आठवण कशाची होईल?"

गादीवाल्यांनी हिशेबाची वही मिटली. मग चहा मागवला. "पण बाक खरंच कडक पाहिजे," ते म्हणाले. "आणि मागच्या भिंतीवर माझा फलक."

"कलमात घालू," काका म्हणाले, आणि तिथल्या तिथे टिपून घेतलं.

ही बातमी इमारतीत पसरायला जिना चढण्याइतकाच वेळ लागला. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहत. ते प्रत्येक वाक्याची सुरुवात 'माझा अनुभव सांगतो' अशी करत, म्हणून त्यांचं नाव अनुभवी पडलं होतं. ते त्याच संध्याकाळी खाली आले.

"माझा अनुभव सांगतो," ते म्हणाले. "नुसता बाक बसवाल तर फसाल. आधी दिवा मागा. दिवा असला की लोक येतात, लोक आले की निगा राहते. मी मागच्या घरी असताना फाटकावर दिवा लावून घेतला होता."

"मग निगा राहिली?"

"मी घर सोडलं त्यानंतर. पण दिवा उत्तम होता."

योगायोग असा की योजनेलाही दिवा हवाच होता. नियमाप्रमाणे परिसर म्हटला की त्याला पाच अंगं लागतात: बसण्याची सोय, हिरवाई, प्रकाश, माहितीफलक आणि परिसराची ओळख. पाचांतलं एक जरी कमी पडलं तरी तो परिसर होत नाही, नुसता कोपरा राहतो. काकांनी प्रत्येक अंगासाठी जबाबदारीचा तक्ता केला. काम, जबाबदारी कुणाची, किती वेळा, किती मुदत. चाळीस ओळींचा तो तक्ता पाहून इंजिनिअरबाईंच्या साहेबांनी म्हणे विचारलं, हा माणूस आपल्याकडे नोकरीला का नव्हता.

हिरवाई पालिकेने पाठवली. ती काटेरी निघाली. रोपवाटिकेत तेवढीच शिल्लक होती. प्रकाश विजेच्या खात्याने दिला, आणि त्याचा झोत नेमका अनुभवींच्या शयनगृहात पडू लागला. ते खाली येऊन म्हणाले, "माझा अनुभव सांगतो," आणि पुढे काही बोलेचनात. माहितीफलकावर 'तुम्ही इथे आहात' असा लाल ठिपका होता, पण नकाशा गावाच्या दुसऱ्या टोकाचा आला. काकांनी पत्र पाठवलं. उत्तर आलं की नकाशा बरोबर आहे, फक्त जागा वेगळी आहे.

राहिली ओळख. विजेची पेटी आणि फुटक्या कुंड्या असलेल्या कोपऱ्याची ओळख काय असणार? यावर तीन बैठका झाल्या. शेवटी गादीवाल्यांनी एक सिमेंटची उशी करवून आणली. चांगली जेवणाच्या टेबलाएवढी, कडेला झालर, मध्ये डोकं टेकल्यासारखा खळगा. ट्रकवाल्याने ती उतरवली ती नेमकी पाण्याच्या चावीच्या झाकणावर, त्यामुळे पाणी खात्याचं पत्र आलं. ती तिथून हलवली, तर सफाई खात्याच्या माणसांना वाटलं की सिमेंटचं पोतं फुटून जागीच घट्ट झालंय. सार्वजनिक जागी राडारोडा टाकल्याबद्दल त्यांनी काकांना नोटीस बजावली. काकांनी सहा पानी उत्तर दिलं आणि उशीखाली 'ही उशी आहे' अशी पाटी लावून घेतली.

मध्यंतरी पादचाऱ्यांची मोजणीही झाली. तीन दिवस एक गणक झाडाखाली खुर्ची टाकून बसला. त्याच्या तक्त्यात माणसांसाठी दोनच रकाने, चढणारे आणि उतरणारे. काकू रोज तिथे येत, पेटीला हात टेकून उभ्या राहत, दम घेत. त्या धड चढत नव्हत्या, धड उतरत नव्हत्या. गणक कामाला पक्का होता. त्याने त्यांना तिन्ही दिवस 'इतर अडथळे' या सदरात धरलं.

"अहो, मी अडथळा आहे का?" काकूंनी घरी येऊन विचारलं.

"अगं, ते तांत्रिक आहे," काका म्हणाले. "अडथळे जास्त निघाले तर आपल्या प्रस्तावाला बळच मिळतं."

आणि मग आली ती उंचीची बैठक. काका आजही तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. झालं असं की बाकाच्या उंचीवर घोडं अडलं. पालिकेचा नियम असा की चाळीस सेंटिमीटरच्या वर काही उभारलं की ते बांधकाम ठरतं आणि त्याला इमारत खात्याची परवानगी लागते. इमारत खातं म्हणजे फाईल गेली की तिचा वाढदिवस तिथेच. तिकडे गादीवाल्यांचं वेगळंच. वर विजेच्या तारा असल्यामुळे फलक वर सरकवता येत नव्हता. बाकावर माणसं बसली की त्यांची डोकी फलकाच्या खालच्या ओळीवर येणार होती, आणि खालच्या ओळीतच दुकानाचा पत्ता होता.

"डोकी खाली आली पाहिजेत," गादीवाले म्हणाले.

"फाईल इमारत खात्यात जाता कामा नये," इंजिनिअरबाई म्हणाल्या.

दोन तास कुणी मागे हटेना. गादीवाल्यांनी तर पिशवी उचलली आणि आपला नमस्कार म्हणाले. तेव्हा काकांनी पेन्सिल हातात घेतली. त्यांनी फलकाची उंची मांडली, सरासरी माणसाचं धड मांडलं, नियमपुस्तिका उघडली, आणि कागदावर एक आडवी रेघ मारली.

"पस्तीस," ते म्हणाले.

पस्तीसला बाक बांधकाम ठरत नव्हता आणि पस्तीसला डोकी पत्त्याच्या खाली राहत होती. दोन्ही पक्षांनी माना डोलावल्या. साहेब स्वतः दारात येऊन उभे राहिले. भागीदारी म्हणजे काय, ते म्हणाले, हे आज कळलं. सगळ्यांनी सह्या केल्या आणि काकांना घरापर्यंत पालिकेच्या गाडीने सोडलं.

"पस्तीस म्हणजे केवढं?" काकूंनी विचारलं.

काकांनी जमिनीपासून हात धरून दाखवला.

"एवढंसं? एवढं तर बाळाच्या खुर्चीला असतं."

"दोन्ही पक्षांना मान्य आहे," काका म्हणाले, आणि त्या रात्री शांत झोपले.

बाक आला. करड्या रंगाचा, ऐसपैस, आणि कलमात लिहिल्याप्रमाणे खरोखरच कडक. येताना प्लास्टिकमध्ये गुंडाळून, दोरीने करकचून बांधून आला, आणि तसाच राहिला. कारण काकांचं कलम चौदा. प्रकल्प पूर्ण झाल्याचा दाखला मिळेपर्यंत कोणत्याही घटकाचा वापर होणार नाही, आणि झाल्यास समन्वयक लेखी नोटीस काढेल. अर्धवट काम वापरायला घेतलं की ते जन्मभर अर्धवट राहतं, हे त्यांनी कचेरीत शंभरदा पाहिलं होतं. समन्वयक अर्थात तेच.

दाखल्याचा अर्ज भरताना सगळं सुरळीत चाललं होतं. अठ्ठावीस रकाने भरले. एकोणतिसावा होता 'वापरकर्त्याचा अभिप्राय'.

"हा कसा भरायचा?" इंजिनिअरबाईंनी फोनवर विचारलं. "कलम चौदाप्रमाणे वापरकर्ताच नाही."

"मग दाखला द्या, म्हणजे वापरकर्ता होईल."

"रकाना भरल्याशिवाय दाखला निघत नाही, काका."

काकांनी करार काढून कलम चौदा पुन्हा वाचलं. दोन्ही बाजूंनी इतका पक्का बंदोबस्त त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता, आणि त्यातली एक बाजू त्यांनी स्वतः बांधली होती. "दुरुस्ती सुचवतो," ते म्हणाले. दुरुस्तीला तिन्ही पक्षांची बैठक हवी होती, आणि गादीवाले महिनाभर परगावी गेले होते.

तो महिना वाईट गेला. काकू रोज येत, गुंडाळलेल्या बाकाशेजारी पेटीला हात टेकून उभ्या राहत आणि मग उरलेला चढ चढत. येणारेजाणारे बाकाकडे बघत, मग काकूंकडे बघत. अनुभवी तर गॅलरीतून रोज मोठ्याने उसासा टाकत. काका टेबलाशी बसून ते ऐकत. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही, चांगलंच वाईट वाटत होतं. पण गादीवाल्यांनी परगावी जाण्याआधी फोटोसाठी दोन गिऱ्हाइकांना बाकावर बसवू द्या म्हटलं होतं, तेव्हा काकांनी त्यांना कलम दाखवून ठाम नकार दिला होता. आता घरच्या माणसाला सवलत दिली तर तोंड कुठे दाखवणार?

आणि एका गुरुवारी अनुभवी धापा टाकत खाली आले. "माझा अनुभव नाही सांगत, डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो," ते म्हणाले. "तुमच्या काकूंनी दोरी कापली. आणि बसल्या."

काकूंनी भाजीच्या पिशवीतल्या सुरीने दोरी कापली होती, प्लास्टिकची नीट घडी घातली होती आणि भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत बाकावर बैठक मारली होती. जेवायच्या वेळी त्या घरी आल्या, जरा उशिरा. काकांनी उशिराचं कारण विचारलं नाही. जेवण झाल्यावर त्यांनी दाराला कडी लावली आणि नोटीस लिहिली. महोदया, आपण अमुक दिवशी अमुक वेळी प्रकल्पाच्या बाकाचा अनधिकृत वापर केल्याचं निदर्शनास आलं आहे, तरी तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. खाली त्यांनी झोकात सही केली.

काकूंनी चष्मा लावून नोटीस वाचली. "पोच कुठे देऊ?"

"खाली उजवीकडे."

त्यांनी पोच दिली, आणि खुलाशाला तीन दिवस काही घेतले नाहीत. संध्याकाळी टेबलावर सामानाच्या यादीचा कागद ठेवलेला होता. पाठीमागे लिहिलं होतं: बसले. उद्याही बसेन. साडेदहाला. हरकत असेल त्याने तिथे येऊन सांगावं.

कलमाप्रमाणे खुलाशाची प्रत दोन्ही भागीदारांना पाठवणं आलं. काकांनी ती पाठवली. जे आहे ते दडवणं त्यांना जमलंच नसतं. अर्ध्या तासात इंजिनिअरबाईंचा फोन खणाणला.

"काका, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" त्यांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "वापरकर्ता मिळाला. तोही लेखी. मी उद्या फॉर्म घेऊन येते. गादीवालेही आज परतलेत, त्यांना आणते. संयुक्त पाहणी करून टाकू."

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला काका चढ उतरून कोपऱ्यावर आले. दीड वर्षात त्यांनी या कोपऱ्याचे नकाशे, छेद, मोजमापं पाहिली होती. साडेदहाचं ऊन तिथे कसं पडतं ते पहिल्यांदाच पाहत होते. इंजिनिअरबाई फायलीसकट हजर होत्या. गादीवाले कोट घालून आले होते. अनुभवी गॅलरीत होते. खालून काकू येताना दिसल्या. एक हात पिशवीला, एक हात भिंतीला, चार पावलं की थांबणं. काका बघत राहिले. गुडघा दुखतो हे त्यांना माहीत होतं, अर्जात तसं लिहिलंही होतं. पण एवढा दुखतो हे त्यांना कळलं नव्हतं.

काकू आल्या, तिघांकडे पाहून हसल्या, आणि बाकावर बसल्या. बसल्या कसल्या, शेवटच्या टप्प्याला जवळजवळ पडल्याच.

"काकू, थोडे प्रश्न आहेत," इंजिनिअरबाई म्हणाल्या. "हिरवाई कशी वाटते?"

"टोचते गं. पण हिरवी आहे."

"प्रकाश?"

"तो वरच्यांना विचार."

गॅलरीतून खाकरल्याचा आवाज आला.

"ओळख?"

"उशी ना? पिशवी ठेवायला बरी आहे."

"आणि बाक?"

"बाक छान आहे," काकू म्हणाल्या. "बसायला उत्तम. फक्त उठता येत नाही."

इंजिनिअरबाईंचं पेन थांबलं. "म्हणजे?"

"म्हणजे फार खाली आहे गं. गुडघा दुखणारी बाई एवढ्या खालून उठणार कशी? धरायलाही काही नाही."

"मग काल कशी उठलीस?" काकांनी विचारलं.

"काल पाऊण तास बसून होते," काकू म्हणाल्या. त्या चिडून बोलत नव्हत्या, हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगत होत्या. "शेवटी मीटर वाचणारी मुलगी आली, तिला म्हटलं, बाई, जरा हात दे. चांगली होती बिचारी. वरपर्यंत पिशवीही आणून दिली तिने."

काकांना ती बैठक आठवली, ती रेघ, दारातले साहेब, ती गाडी. त्या खोलीत फलकाची उंची होती, फाईलची वाट होती, सरासरी माणसाचं धड होतं. ज्या बाईसाठी हे सगळं मांडलं, तिचा गुडघा कुणी मोजला नव्हता. आपण तरी मोजायला हवा होता. त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि काहीच न पुसता परत ठेवला.

"उंची वाढवू," गादीवाले घाईघाईने म्हणाले. "जाऊ दे माझा पत्ता. दुकान काय, सगळ्यांना माहीत आहे."

"वाढवता येईल," इंजिनिअरबाई म्हणाल्या, "पण दुरुस्ती करार, इमारत खातं, नवी मंजुरी. दहा-बारा महिने कुठेच गेले नाहीत. तोवर बाक असाच. आणि अभिप्रायात अडचण आली की ती तक्त्यात लिहावी लागते. जबाबदारी कुणाची हेही लिहावं लागतं, नाहीतर दाखला अडतो." त्यांनी फाईल उघडली. तक्त्याच्या चाळीस ओळी संपल्या होत्या, खाली थोडी जागा होती. "काय लिहू? पालिकेकडे यासाठी माणूस नाही."

"माझा एखादा नोकर पाठवतो," गादीवाले म्हणाले, "पण सकाळी दुकान..."

काकांनी हात पुढे करून पेन मागून घेतलं. फाईल सिमेंटच्या उशीवर ठेवली, आणि आपल्या घोटीव अक्षरात एक्केचाळिसावी ओळ लिहिली. काम: बाकावरून उठताना हात देणे व पिशवी वर नेणे. जबाबदारी: समन्वयक. किती वेळा: रोज, सकाळी साडेदहा. मुदत: पुढील आदेश होईपर्यंत.

"त्या वेळेला तुमचा पत्रव्यवहार असतो ना?" काकू म्हणाल्या.

"दुपारी करीन."

"मग उठवा आता. पालेभाजी उन्हात आहे."

पाहणीला आलेल्या सगळ्यांच्या देखत काकांनी दोन्ही हात पुढे केले. पहिल्या खेपेला दोघंही डगमगले, दुसऱ्या खेपेला जमलं. इंजिनिअरबाईंनी रकाना भरला, गादीवाल्यांनी सही केली, आणि पालिकेच्या आठव्या फाईलला पूर्ण झाल्याचा पहिला दाखला मिळाला.

दुरुस्ती करार व्हायला अकरा महिने लागले. इमारत खात्याने परवानगी दिली, गादीवाल्यांनी फलक बाजूच्या भिंतीवर नेला, बाक पंचेचाळीस सेंटिमीटरचा झाला आणि त्याला दोन्ही कडांना धरायला दांडे बसले. काकूंना आता कुणाच्याही मदतीशिवाय उठता येतं. त्यांनी ते पहिल्याच दिवशी सगळ्यांना उठून दाखवलं. इंजिनिअरबाईंनी लगेच पत्र पाठवलं की तक्त्यातल्या एक्केचाळिसाव्या ओळीची आता गरज उरलेली नाही, तरी समन्वयकांनी ती रद्द करण्याचा अर्ज द्यावा. आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर देणारा माणूस, पण हे पत्र काकांच्या टेबलावर चार महिने पडून आहे. दोन स्मरणपत्रं येऊन गेली. परवा इंजिनिअरबाई स्वतः कोपऱ्यावर भेटल्या आणि म्हणाल्या, "काका, त्या ओळीचं काय झालं?"

"प्रकरण विचाराधीन आहे," काका म्हणाले, आणि काकूंना हात देऊन त्यांनी पिशवी उचलली.